आधी परवाना, मग पदवी



शाळांचे निकाल जवळ आले की आमच्या शिक्षण-गटाचे फोन वाजू लागतात. इंजिनियरिंग आणि कॉम्प्युटरबद्दल आम्ही कोणाला काही सांगावे अशी परिस्थिती नाही. र्युसेल्सहाइममध्ये राहून ओपेल किंवा ह्युंदाईच्या तांत्रिक केंद्रात नोकरी करणारी आपली मंडळी त्यात आमचे गुरू आहेत. पण अलीकडे एक वेगळाच प्रश्न येऊ लागला आहे. "मुलीला एर्गोथेरपी शिकायची म्हणते. बॅचलरवर थांबावे की मास्टर्सपर्यंत जावे? न्यू जर्सीची तिची आतेबहीण तर त्यातच डॉक्टरेट करते आहे!" आणि मग जरा आवाज उतरवून, "इथे म्हणे त्यासाठी नुसती आउसबिल्डुंग असते. कॉलेजसुद्धा नाही. खरे का हो?"

खरे आहे. आणि या "नुसती" शब्दावरच आम्हाला चार शब्द लिहायचे आहेत. पटले नाही तर जरूर उलट लिहा, पुढच्या अंकात छापू.

काम काय असते?

लहान मुले असलेल्या बहुतेक घरांना हा शब्द किंडरगार्टनमध्ये पहिल्यांदा भेटतो. बाई सांगतात, मूल पेन्सिल नीट धरत नाही, कात्री चालवत नाही, एका जागी बसत नाही. मग बालरोगतज्ज्ञ एर्गोथेरपीची चिठ्ठी लिहून देतात आणि आपण घाबरतो. वास्तविक घाबरण्यासारखे त्यात काही नसते. थेरपिस्ट बाई मुलाबरोबर खेळत खेळतच हाताचे आणि लक्षाचे काम करून घेतात.

मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. नाव जड आहे, कल्पना सोपी आहे. अर्धांगवायूनंतर फिजिओथेरपिस्ट हातापायात बळ आणि हालचाल यावी म्हणून झटतो. एर्गोथेरपिस्ट विचारतो, या हाताने तुम्हाला काय करायचे आहे? शर्टाची बटणे लावायची आहेत, पोळी लाटायची आहे, की पुन्हा कारखान्यातल्या यंत्रावर उभे राहायचे आहे? जे करायचे असेल त्यातूनच उपचार घडवायचा. हाताचे ऑपरेशन झालेले कामगार, स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा, नैराश्यातून उठू पाहणारे तरुण, या सगळ्यांना त्याची गरज पडते. आपली पहिली पिढी आता इथेच म्हातारी होते आहे. उद्या आपल्यापैकीच कोणाला तरी अशा उपचारांची गरज पडेल, आणि त्या वेळी "आजी, आज काय रांधू या?" असे मराठीत विचारणारी थेरपिस्ट मिळाली तर किती बरे वाटेल!

इथली पद्धत

जर्मनीत या व्यवसायाचा कायदा १९७६ साली झाला आणि १९७७ च्या आरंभापासून लागू झाला. तेव्हा नाव लांबलचक होते, बेशेफ्टिगुंग्स-उंड-आर्बाइट्सथेराप्यूट. १९९९ पासून एर्गोथेराप्यूट हे नाव आले. शिक्षण तीन वर्षांचे. ते बेरुफ्सफाखशूलेत, म्हणजे व्यवसायशाळेत होते. किमान २७०० तासांचे वर्ग आणि १७०० तासांचे प्रत्यक्ष काम, असे ४४०० तास भरावे लागतात. शरीररचना, मज्जासंस्था, मानसशास्त्र हे तर शिकवतातच, शिवाय लाकूडकाम, मातीकाम, विणकामही स्वतः शिकावे लागते, कारण हीच उपचाराची साधने आहेत. शेवटी सरकारी परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्यावर राज्य सरकार व्यवसायाचे नाव लावण्याचा परवाना देते.

या परवान्याशिवाय एर्गोथेराप्यूट म्हणवून घेता येत नाही. परवाना असेल तर इस्पितळात नोकरी करता येते, आणि जागा वगैरे अटी पुऱ्या करून विमा संस्थांची मान्यता घेतली की स्वतःची प्रॅक्टिसही काढता येते. त्यासाठी बॅचलरची अट नाही. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. सरकारी विमा संस्था प्रत्येक उपचाराचा दर ठरवून देतात, आणि तो दर थेरपिस्टची पदवी पाहून बदलत नाही. तीन वर्षांच्या शाळेतून आलेली आणि मास्टर्स झालेली, दोघींनी तोच उपचार केला तर तेवढेच पैसे.

प्रवेशासाठी दहावीनंतरचे मिटलरे राइफे प्रमाणपत्र पुरते, आबिटुर लागत नाही. पूर्वी बऱ्याच खाजगी शाळा भरपूर फी घेत. गेल्या काही वर्षांत अनेक राज्यांनी हा भार उचलला आहे, तरी ज्या शाळेत जायचे तिथे आधी विचारावे. महापालिकांची आणि विद्यापीठांची जी इस्पितळे वेतनकराराखाली येतात, त्यांच्या शाळांत २०१९ पासून शिकतानाच वेतन मिळू लागले. शिवाय अशा शाळेसाठी मिळणारे बाफ्योग परत करावे लागत नाही, विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला मात्र निम्मे फेडावे लागते. अर्थात बाफ्योग आई-वडिलांच्या उत्पन्नावर आणि राहण्याच्या परवान्याच्या प्रकारावर अवलंबून असते, हे सांगायला नकोच.

मग पदवीचे काय?

पदव्या आहेत. हिल्डेसहाइमच्या उच्च शिक्षणसंस्थेत २००१ साली थेरपिस्टांसाठी बॅचलरची सुरुवात झाली. पुढे २००९ च्या कायद्याने, प्रयोग म्हणून का होईना, व्यवसायशाळेत न जाता सरळ उच्च शिक्षणसंस्थेत शिकून परवाना मिळवण्याची वाट उघडली, आणि बोखुममध्ये २०१० पासून तसे शिक्षण सुरू झाले. २०१२ साली जर्मनीच्या विज्ञान परिषदेने शिफारस केली की आरोग्य व्यवसायांत दर वर्षी शिकणाऱ्यांपैकी दहा ते वीस टक्के जणांनी पदवी घ्यावी. म्हणजे पदवीची बाजू घेणाऱ्यांनीसुद्धा सगळ्यांनी पदवीधर व्हावे असे म्हटले नव्हते.

इथे पालकांची फसगत होण्याची जागा आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. बॅचलर तीन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात पदवीबरोबर सरकारी परीक्षाही होते आणि परवाना मिळतो. दुसऱ्या प्रकारात व्यवसायशाळा आणि उच्च शिक्षणसंस्था एकाच वेळी चालतात, दोन्हीकडे नाव असते. तिसऱ्या प्रकारात आधी परवाना असलेल्यांनाच घेतात आणि नोकरी सांभाळून पदवी करता येते. याखेरीज "थेरपी विज्ञान", "आरोग्य व्यवस्थापन" अशा नावांचे अभ्यासक्रम असतात, त्यांत परवान्याचा संबंधच नसू शकतो. मुलगी बॅचलर होते, समारंभात टोपी उडवते, आणि रुग्णाला हात लावायची मुभा नाही! म्हणून माहितीपत्रक हातात आले की पहिला प्रश्न हाच विचारावा, "शेवटी सरकारी परीक्षा आहे का, आणि परवाना मिळतो का?" उत्तर गोलमाल आले तर तिथून उठावे.

मास्टर्सचा उपयोग कुठे होतो? व्यवसायशाळेत शिकवायचे असेल, संशोधन करायचे असेल, मोठ्या संस्थेत विभाग चालवायचा असेल तर होतो. रोजच्या उपचारात मात्र हाताचे उपचार, बोबाथ पद्धत, लहान मुलांचे संवेदन-एकीकरण अशा खास प्रशिक्षणांना प्रॅक्टिसचे मालक जास्त विचारतात. ही प्रशिक्षणे नोकरी लागल्यावर शनिवार-रविवारी करता येतात.

आतेबहिणीची गोष्ट

आता न्यू जर्सीकडे वळू. तिथले शिक्षण मोठे आणि इथले छोटे, असा सरळ अर्थ अनेकजण काढतात. अमेरिकेत २००७ पासून या व्यवसायात शिरायला किमान मास्टर्स लागते. २०१७ साली तिथल्या मान्यता मंडळाने जाहीर केले की जुलै २०२७ पासून डॉक्टरेटच लागेल. त्यावर व्यवसायातच मोठा वाद झाला. खर्च वाढेल, कर्ज वाढेल, गरीब घरची मुले येणार नाहीत, असे लोक म्हणू लागले. २०१९ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला, आणि मास्टर्स व डॉक्टरेट असे दोन्ही दरवाजे उघडे राहिले. दोन्हीकडून येणारे विद्यार्थी एकच राष्ट्रीय परीक्षा देतात.

म्हणजे ज्या देशाकडे आपण "वरचे शिक्षण" म्हणून पाहतो, तिथेही एक पायरी वाढवावी की नाही यावर एकमत झाले नाही. आतेबहीण डॉक्टरेट करते आहे ते तिच्या देशातल्या नियमांना आणि तिच्या आवडीला धरून. तिला शुभेच्छा द्या, पण तिची फूटपट्टी र्युसेल्सहाइमच्या मुलीला लावू नका.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. युरोपातल्या शेजाऱ्यांकडे पाहिले तर जर्मनीच वेगळी पडते. हॉलंडमध्ये हे शिक्षण चार वर्षांच्या बॅचलरचे आहे, आणि तिथल्या हेर्लेनला कितीतरी जर्मन मुले शिकायला जातात. स्वित्झर्लंडनेही २००६ पासून ते उच्च शिक्षणसंस्थांत नेले. आपल्या मुलांचे पाय एका गावात टिकतीलच असे नाही. आपले तरी कुठे टिकले? उद्या मुलगी अमेरिकेला किंवा कॅनडाला गेली तर व्यवसायशाळेचे प्रमाणपत्र तिथे अपुरे पडेल. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही पुढे दिले आहे.

मुंबई-नागपूरहून शिकून आलेल्यांसाठी

या व्यवसायात आपण मराठी माणसे नवखी नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विष्णू निंबकरांशी लग्न करून आपल्याकडच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी फिलाडेल्फियाला शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. आशियातली ती पहिली शाळा. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी जागतिक महासंघ उभा राहिला, त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. जर्मनीतली थेरपिस्टांची संघटना १९५४ ची आहे. म्हणजे या बाबतीत परळ जर्मनीच्याही पुढे होते! आणि गंमत म्हणजे आपल्याकडेही आरंभी पदविकाच मिळत असे, पदवी नंतर आली. त्या पदविकेवर काम केलेल्या बायकांनीच पुढच्या पदवीधरांना घडवले.

पुढे के.ई.एम., शीव, नायर, हाजी अलीची अखिल भारतीय संस्था आणि नागपूरचे शासकीय महाविद्यालय इथून बी.ओ.टीएच. होऊन कितीतरी मुली बाहेर पडल्या. सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा तो कोर्स वर्षानुवर्षे चालत आला. त्यातल्या काही लग्न होऊन इकडे येतात, आणि इथे आमच्या मनाला खरी टोचणी लागते. नवऱ्याच्या नोकरीमुळे राहण्याच्या परवान्यावर काम करायची मुभा असते, पण व्यवसायाचा परवाना नसतो. हे दोन परवाने वेगळे आहेत हे कळेपर्यंत वर्ष जाते. मग कोणी सुचवते, "आता इथले मास्टर्स कर, म्हणजे दारे उघडतील." दोन वर्षे आणि बरेच पैसे खर्च होतात, मास्टर्स हाती येते, आणि दार बंदच असते. कारण कार्यालय मास्टर्स बघत नाही. ते बघते मूळ शिक्षण, त्यातले विषय आणि तास, आणि जर्मन भाषा.

या बहिणींना आमचे सांगणे असे. मास्टर्सच्या आधी मान्यतेचा अर्ज. २०१२ पासून परदेशी शिक्षणाची तुलना करून घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. हेसेनमधले हे काम राज्याच्या आरोग्य आणि परिचर्या कार्यालयाकडे आहे. मुंबईचा अभ्यासक्रम इथल्या ४४०० तासांशी ताडून पाहतात. फरक आढळला तर पूर्वीच्या नोकरीचा अनुभव जमेस धरतात. तरीही उणे राहिले तर परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण यांतून ते भरून काढता येते. जर्मन भाषा साधारण बी-दोन पातळीची लागते, आणि रुग्णाशी बोलायचे म्हटल्यावर ती हवीच. लग्न ठरले की भारतातून निघण्याआधीच कॉलेजकडून विषयवार तासांचा शिक्क्यासह दाखला, इंटर्नशिपचे प्रमाणपत्र आणि नोकरीची पत्रे घेऊन ठेवावीत. इथून टपालाने ती मागवण्यात सहा-सहा महिने गेल्याचे आम्ही पाहिले आहे. भाषांतर इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे.

आणखी एक, रागावू नका. तिकडे काहीजण नावाआधी डॉ. लावतात. इथे विद्यापीठाची डॉक्टरेट नसताना ते लावणे हा गुन्हा ठरू शकतो. दारावरची पाटी, अर्ज, व्हिजिटिंग कार्ड, सगळीकडून ती दोन अक्षरे काढून टाकावीत.

आमचे मत

सगळ्यांना एकच औषध चालत नाही, म्हणून तीन प्रकारची घरे डोळ्यांपुढे ठेवून लिहितो.

ज्या मुलीला किंवा मुलाला (हो, मुलग्यांनाही!) दहावीनंतर पुस्तकांचा कंटाळा आहे पण माणसांची ओढ आहे, त्याला ओढूनताणून आबिटुरला बसवू नका. व्यवसायशाळेत घाला. हवे तर आधी फाखओबरशूलेची दोन वर्षे करून फाखहोखशूलराइफे मिळवू द्या, म्हणजे पुढची पदवीची वाट मोकळी राहते. आपल्या गावच्या वेर्नर-हायझेनबर्ग-शूलेसारख्या व्यावसायिक शाळांत अशा वाटांची माहिती मिळते. समजा तेही केले नाही, तरी वाट बंद होत नाही. प्रशिक्षण आणि तीन वर्षांची नोकरी झालेल्यांना आबिटुरशिवाय आपल्या विषयातल्या पदवीला प्रवेश देण्याचे जर्मन राज्यांनी २००९ मध्येच मान्य केले आहे.

ज्या मुलांच्या हाती चांगले आबिटुर आहे आणि ज्यांना परदेशी जायची हौस आहे, त्यांनी पदवी आणि परवाना एकत्र देणारे बॅचलर शोधावे, इथे किंवा हॉलंडमध्ये. हॉलंडहून आल्यावर इथल्या मान्यतेचा अर्ज करावा लागतो, तेवढे लक्षात ठेवावे. वर जो आक्षेप सांगितला त्याचे हे उत्तर. पदवी प्रवासाला उपयोगी पडते, म्हणून जे प्रवास करणार त्यांनी ती जरूर घ्यावी. जे इथेच राहून काम करणार त्यांच्यावर मात्र ती लादू नये.

मास्टर्सबद्दल आमचे मत ठाम आहे. निदान दोन-तीन वर्षे रुग्णांबरोबर काम केल्याशिवाय ते करू नये. आपल्याला लहान मुले आवडतात की वृद्ध, शिकवायला आवडते की करायला, हे विशीच्या आत कळत नाही. काम करता करता जो प्रश्न मनात घर करतो, त्याच्या शोधात मास्टर्स केले तर त्याचा उपयोग. नुसते "पुढे काय?" म्हणून केले तर ते कागदच राहते.

राहिला प्रश्न "लोक काय म्हणतील?" याचा. लग्नाच्या बाजारात "नुसती आउसबिल्डुंग" ऐकून काहीजण नाक मुरडतील, हे आम्ही जाणतो. पण ज्या देशात आपण राहतो तिथे हाताने नीट काम करणाऱ्याला मान आहे. ओपेलच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागून मोठ्या पदावर गेलेले शेजारी आपल्यापैकी अनेकांना भेटले असतील. आपण घरी भारतातली कागदाची प्रतिष्ठा सांगतो, आणि बाहेर मुले दुसरेच जग पाहतात. मग त्यांना वाटते आई-बाबांना काही कळत नाही. मुलीने निवडलेल्या कामाला आपण कमी लेखले तर ती आपल्याला पुढची गोष्ट सांगणार नाही. पदवीच्या एका पायरीपेक्षा ते नुकसान फार मोठे आहे.

काळही बदलतो आहे. एप्रिल २०२४ पासून काही ठराविक आजारांत उपचार कोणता आणि किती वेळा हे डॉक्टरांऐवजी थेरपिस्टने ठरवण्याची सोय झाली. जबाबदारी वाढली की शिक्षणही वाढवण्याची मागणी होते. कदाचित काही वर्षांनी जर्मनीतही पदवी सक्तीची होईल. तसे झाले तर आमचे मत आम्ही बदलू. आज मात्र आमचा क्रम हाच, आधी परवाना, मग अनुभव, आणि गरज असेल तर पदवी.

आपल्या वाचकांत कोणी एर्गोथेरपिस्ट असतील, शिकत असतील किंवा मान्यतेच्या खटपटीत असतील, तर त्यांनी आमच्या गटाला जरूर कळवावे. संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळानंतर तासभर अशा मंडळींशी मुलांच्या गप्पा ठेवाव्यात असा विचार आहे. पालकांनी त्या वेळी मागच्या खुर्च्यांवर बसावे आणि प्रश्न मुलांना विचारू द्यावेत, एवढी विनंती.



— मंडळाचा शिक्षण-गट, र्युसेल्सहाइम